चाचांनी खोडलेला शब्द

"म्हंजे काय, ते आधी सांगा," असं म्हणून चाचा पेन कानावर अडकवायचे. समोरच्यानं 'कब्जा' म्हटलं की विचारायचे, "म्हंजे काय? पेरतंय कोण? कुलूप कुणाचं?" नीट उत्तर मिळेपर्यंत पेन खाली उतरत नसे.

बाळांनो, लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली चाचा लोकांचे अर्ज लिहीत आणि शेजारी मी टंकयंत्र घेऊन बसे. कायद्याची इंग्रजी पुस्तकं मी सरळ वाचायची, त्यामुळे त्यातले शब्द आपल्याला कळतात असा माझा समज होता. चाचा मला 'मास्तरीणबाई' म्हणत, टोमण्यानंच.

त्या दुष्काळात मुरुडकडच्या एका खेड्यातली बाई आली. बौद्धवाड्यातला आड आटला होता. पाणी उरलं होतं ते माळावरच्या सरकारी विहिरीत. तिकडची वाट एका शेतातून जायची आणि शेतमालकानं त्या वाटेवर बोराटीचे काटे टाकले होते. वळसा घालून एक खेप करायची तर अर्धा दिवस जाई.

चाचा नमाजाला गेले होते. मीच विचारलं, "आधी कशा जात होतात?"

"शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरूनच हाक मारायची, 'मालक, येऊ का?' अन् जायचं."

मी टंकलं, 'मालकाच्या परवानगीने ये-जा होती.' वाक्य मला फार सभ्य वाटलं.

चाचांनी येऊन कागद वाचला आणि पेन कानावर गेलं. "मास्तरीणबाई, बुडवलं की अक्काला! दिलेली परवानगी मालक उद्या काढून घेईल. हक्क तसा काढता येत न्हाई. वीस वर्षं उघड, बिनहरकत, हक्कानं गेलं, तरच वाट टिकती."

"मग हाकेचं लिहायचंच नाही?"

"लिहायचं. न्हाईतर समोरचा वकील काढंल की. पण हाक म्हंजे काय?" ते बाईकडे वळले. "अक्का, मालक 'हो' म्हणंपर्यंत थांबायचा का?"

"कशाला? माणुसकीची हाक ती. मालक गावाला गेला तरी मारायची. माझी सासू बी मारायची. तहान काय मालकाची वाट बघती?"

चाचांनी 'परवानगीने' वर आडवी रेघ मारली. "अक्का बोलल्या तस्सं लिहा."

संध्याकाळी मी घरी जाडं पुस्तक उघडलं. 'हक्काने' या एका शब्दाखाली अर्धं पान निवाडे होते. त्यातल्या एका न्यायाधीशांनी हेच विचारलं होतं: मालक जागेवर नसला तर हे लोक काय करत? आजवर ते पान मी भराभर उलटून पुढे जात आले होते.

वाट मोकळी करण्याचा हुकूम झाला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. बाई दुधाच्या किटलीत त्या विहिरीचं पाणी घेऊन आली. लिंबाखाली चाचांच्या जागी कुणाचीतरी सायकल उभी होती. ते आठ दिवसांपूर्वीच वारले, हे मला सांगावं लागलं.

तिनं किटली खाली ठेवली. मग झाकणात पाणी ओतून तिनं माझ्यापुढे धरलं. मी प्यायले. किंचित मचूळ होतं.

उरलेल्यावर झाकण घट्ट बसवत तिनं विचारलं, "कबरस्तान कोणीकडं हाय, ताई?"