डाव्या नळीचा सेन्सर

मोखाडा सोडून जव्हारच्या रस्त्याला लागताना डाव्या अंगाला पत्र्याची शेड दिसते. तिथं फागू गाड्या दुरुस्त करतो. पंधराव्या वर्षी तो भिवंडीला गेला, बारा वर्षं एका गॅरेजात राबला आणि तयार कान घेऊन परत आला. चालू गाडीपासून दहा पावलं लांब उभा राहायचा, मान तिरपी करायचा आणि सांगायचा, "चेन नाय, क्लचप्लेट गेलीय." सहसा चुकायचा नाही. पण गेल्या काही वर्षांत गाड्या बदलल्या. कार्बोरेटर गेले, वायरी आणि डब्या आल्या. डबी बिघडली तरी आवाज करत नाही. लोक नव्या गाड्या घेऊन नाशिकला जायला लागले, आणि आपले दिवस भरत आले की काय, ही धास्ती फागूच्या पोटात कायमची येऊन बसली.

म्हणूनच साखरशेतचा संदीप मे महिन्यात त्याची दोन सिलिंडरची मोठी मोटारसायकल घेऊन आला, तेव्हा फागूला नाही म्हणता आलं नाही.

संदीप ठाण्याला एका गोदामात कामाला होता. गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकानं तिला मोकळा सायलेन्सर लावला होता, त्यामुळं इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी, अशी गत. गाडी चढाला अडखळायची. त्यावर इलाज म्हणून संदीपनं एक ट्यूनिंग मॉड्यूल, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी डबी, आणि दोन ऑक्सिजन सेन्सर आणले होते.

"ठाण्यातच बसवून का नाय घेतलंस?" फागूनं विचारलं.

"तिथं आठ-आठ दिवस गाडी ठेवून घेतात, मामा. मला परवा कविताला घेऊन सूर्यमाळला जायचंय, तिच्या आईकडं. आणि तुमचा हात मला ठाऊक हाय."

त्या शेवटच्या वाक्यानं फागू अडकला.

दोन दिवस तो त्या गाडीभोवती होता. दोन्ही सिलिंडरच्या धुराच्या नळ्यांना भोकं पाडून नट वेल्ड करून घेतले. इंजिनासमोर जमिनीवर बसून सेन्सर आवळले. दोन्ही सेन्सर हुबेहूब सारखे, म्हणून डाव्याच्या वायरीला लाल दोरा बांधला. मग मागं येऊन सीटखाली मॉड्यूल बसवलं आणि लाल दोऱ्याची वायर एक नंबरच्या, म्हणजे डाव्या सिलिंडरच्या जागी लावली. सेन्सर धुराचा वास घेणार, डबीला सांगणार, आणि डबी त्या त्या सिलिंडरचं पेट्रोल कमी-जास्त करणार. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. फागूनं बाजारापर्यंत चक्कर मारली. कुठं अडखळणं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी संदीप आणि कविता निघून गेले. फागूला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

तासाभरानं कमू तिची स्कूटर घेऊन आली. ती अंगणवाडीत सेविका. "फागूभाऊ, डावा आरसा ढिला झालाय, तेवढा आवळून द्या."

फागू पाना घेऊन स्कूटरच्या समोर उभा राहिला आणि आरसा धरला.

"हा नाय, डावा!"

"हा डावाच ना?"

"तुमचा डावा," कमू हसली. "गाडीचा नाय."

फागूचा हात तसाच राहिला. इंजिनासमोर बसून त्यानं लाल दोरा बांधला होता. समोर बसून. मग मागं जाऊन, गाडीच्या अंगानं डावं-उजवं धरून वायर लावली होती. म्हणजे डाव्या नळीचा सेन्सर उजव्याच्या जागी गेला होता, आणि उजव्याचा डाव्याच्या.

पुढचं त्याला आपोआप दिसायला लागलं. भूक एकाला आणि वाढण दुसऱ्याच्या ताटात. एका सिलिंडरचं पेट्रोल डबी कमी करत नेणार, दुसऱ्याला पाजत राहणार. चूक लगेच दिसणार नाही. सेन्सर तापतील, डबी शिकत जाईल, आणि नेमकी सूर्यमाळच्या वाटेवर, खोडाळ्याच्या पुढच्या चढाला, मागं बाईमाणूस बसलेलं असताना, कोरडा पडलेला पिस्टन आत चिकटेल. चिकटला की मागचं चाक जाम. वळणावर जाम झालं तर?

त्यानं फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

"काय झालं, भाऊ?" कमूनं विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला.

आणि क्षणभर त्याच्या मनात खरंच आलं, की काय नाय. इंजिन गेलं तर दोष मोकळ्या सायलेन्सरवर ढकलता येईल. कोण उघडून बघणार दोरा? स्वतःचीच त्याला किळस आली. कमूच्या आरशाचा नट अर्धा आवळून त्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि आपल्या जुन्या गाडीला किक मारली.

खोडाळ्यात त्यानं चहाच्या टपरीवर विचारलं. मोठ्या आवाजाची गाडी? हो, गेली की मघाशी. पुढं चढ लागला. प्रत्येक वळणाआधी तो गाडी हळू करून पुढं डोकावत होता. रस्त्यावर ऑइलचा डाग दिसला की तो उतरून बोट लावून बघायचा. एकदा पुढं माणसं गोळा झालेली दिसली आणि त्यानं गाडी तिकडं पळवली. पण ती माणसं पाण्याच्या टँकरभोवती होती.

चौथ्या वळणावर गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला उभी, एकटीच. जवळ कुणी नाही. डावी नळी तापून निळी-जांभळी पडलेली. फागूनं दरीच्या बाजूला वाकून खाली बघितलं. सुकलेलं गवत, दगड. "संदीप!" तो ओरडला.

"मामा? तुम्ही इथं कसं?"

संदीप वरच्या पाड्याच्या वाटेनं खाली येत होता, मागून कविता, हातात पाण्याची कळशी.

फागू कडेवरून मागं आला आणि गाडीच्या डाव्या नळीशी बसला.

"हिच्या पायाला धग लागायला लागली," संदीप म्हणाला. "मी म्हटलं, अजून थोडंच राहिलंय. ही ऐकेना. थांबव म्हणजे थांबव."

"आतून टकटक येत होतं," कविता म्हणाली. "पाड्यावरच्या बाईनं घरात पाणी नसताना कळशीभर दिलं, इंजिनावर ओतायला."

"ओतू नको!" फागू उठला. "तापलेल्या इंजिनाला तडा जाईल. संदीप, चूक माझी हाय. सेन्सरची अदलाबदल मीच केली."

त्यानं सगळं सांगितलं, दोऱ्यासकट. संदीपचा चेहरा लाल झाला. "मामा, मी तुमच्या भरवशावर हिला मागं बसवली!"

फागूनं मान खाली घातली. कवितानं कळशी त्याच्या पुढं केली. "आधी तुम्ही प्या."

इंजिन निवल्यावर त्यानं प्लग काढले. उजवा काळाकुट्ट. डावा राखेसारखा पांढरा, त्यावर बारीक चकचकीत कण. ते कण म्हणजे वितळलेला पिस्टन, हे त्याला कळलं, आणि त्यानं ते संदीपलाही दाखवलं. मॉड्यूल काढून मूळच्या वायरी जोडल्या. गाडी कुणी चालवायची नाही, असं ठरलं. कविताला आईकडं सोडायला एक जीप मिळाली. गाडी टेम्पोत घालून मोखाड्याला आणली.

पिस्टनची कड कुरतडल्यासारखी झाली होती. सिलिंडर मात्र वाचलं होतं. आणखी दोन मैल गेले असते, तर तेही गेलं असतं. नवा पिस्टन नाशिकहून आला. इंजिन जोडून झाल्यावर फागू म्हणाला, "डबी ठाण्याला बसवून घे."

संदीपनं डबी उचलून त्याच्या हातात दिली. "नको. तुम्हीच बसवा. चूक कुठं होते ते आता तुम्हालाच माहीत हाय."

या वेळी फागूनं प्रत्येक वायर बोटानं चाचपत टोकापासून टोकापर्यंत नेली, तीनदा. मग स्वतः खोडाळ्यापर्यंत जाऊन आला. वाटेत पाच ठिकाणी उतरून नळ्या बघितल्या. दोन्हींचा रंग सारखा होता, तरी त्याचं मन मानेना. संदीप गाडी घेऊन गेला, आणि त्याचा ठाण्याहून फोन येईपर्यंत, म्हणजे चार दिवस, तो रस्त्यावरच्या प्रत्येक मोठ्या आवाजाला दचकत होता.

आता असलं काम घेऊन कुणी आलं, तर फागू त्याला आधी बाकड्यावर बसवतो आणि खोडाळ्याच्या चढावर काय झालं ते सांगतो, काहीही न लपवता. काहीजण ऐकून गाडी घेऊन निघून जातात. काहीजण चावी काढून त्याच्या हातात ठेवतात.