पहिल्या आठवड्याचे पाय

"बाळाचे पाय तुटलेत," सिस्टर म्हणाल्या, "आणि नाताळ परवावर आलाय."

मी हातातली कात्री खाली ठेवली. आमच्या प्लास्टर रूममध्ये पाय तुटल्याची बातमी नवी नव्हती. त्याचाच तर मला पगार मिळायचा. पण सिस्टरांनी टेबलावर ठेवलेलं बाळ स्वतःच प्लास्टरचं होतं. गव्हाणीतला येशूबाळ. वर्षभर ट्रंकेत पडून असायचा, नाताळला बाहेर यायचा. यंदा त्या ट्रंकेवर कोणीतरी औषधांचं जड खोकं आदळलं होतं. दोन्ही पायांचा घोट्यापासून खाली चुरा झाला होता.

"श्रावण, तू प्लास्टरवाला. याला पाय बसव."

"सिस्टर, मी माणसाले प्लास्टर लावतो. देवाले नाई लावलं कधी."

"मग आता लाव."

सिस्टर मटिल्डा आमच्या मिशन दवाखान्याच्या इन-चार्ज. वसईकडच्या. त्यांच्यापुढे डॉक्टरसुद्धा जपून बोलायचे, तिथे माझी काय कथा! शिवाय माझा बाप हिंगणघाटला गणपती घडवायचा, हे नोकरीच्या मुलाखतीत मीच फुशारकीने सांगून बसलो होतो.

नाताळच्या सकाळी हे बाळ वॉर्डाच्या व्हरांड्यात ठेवायचे. ख्रिस्ती मंडळी रांगेने येऊन त्याच्या पायांचं चुंबन घ्यायची. बाकीचे पेशंट आपापल्या सवयीने पाया पडायचे. म्हणजे बाकी काही नसलं तरी चालेल, पाय हवेतच.

आता माझं काम काय, ते थोडं सांगतो. त्या काळी, एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांत, प्लास्टरचं बँडेज तयार मिळत नसे. मलमलीच्या पट्ट्यांवर पावडर चोळून मीच ते वळायचो. हाडं मोडलेली माणसं यायचीच, पण मला जास्त जपावं लागे ते क्लबफूटच्या पोरांना. क्लबफूट म्हणजे जन्मतःच आत वळलेली पावलं. दोन्ही तळवे एकमेकांकडे तोंड करून बसलेले. त्यावर उपाय साधा, पण चिकाटीचा. डॉक्टर पाऊल थोडंसं सरळ करून धरायचे, मी तसंच प्लास्टर घालायचो. आठ दिवसांनी ते काढायचं, आणखी थोडं वळवायचं, पुन्हा घालायचं. असे कित्येक आठवडे. हाडं कोवळी आहेत तोवरच हे जमतं. मध्येच सोडलं, की पाऊल पुन्हा वळतं आणि मग जन्मभराचं लंगडेपण.

काढलेल्या प्लास्टरच्या दोन फाका होतात. त्याला आम्ही शेल म्हणायचो. आत पावलाचा आकार जसाच्या तसा राहतो. मी शेलवर पेन्सिलीने आठवडा लिहून ते फळीवर मांडून ठेवायचो. डॉक्टरांना प्रगती दिसायची आणि मला माझी कामगिरी.

त्या वेळी वॉर्डात असं एकच तान्हं होतं, शेवंताचं. सेलूकडची पोर. घरी वांगी, मेथी, सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, मळा. गरोदर असताना बाजाराच्या आदल्या दिवशी ग्रहण लागलं आणि तिने भाजी चिरली, म्हणून पोराचे पाय असे झाले, असं सासूने ठरवून टाकलं होतं. सासूने ठरवलं ते ठीक, पण शेवंतालाही ते पटलं होतं. ती पोराचे पाय पदराखाली झाकून बसायची. प्लास्टर बदलताना भिंतीकडे तोंड फिरवायची. चार आठवडे झाले, पावलं चांगली वळत होती, आणि नेमकं तेव्हाच सासूने येऊन सांगितलं, "नाताळाच्या दिशी येतो अन् घेऊन जातो इले. लोकं हासून राह्यले. नशिबात हाये थे प्लास्टरानं थोडंच जाते?"

डॉक्टरांनी समजावलं, सिस्टरांनी दटावलं, मी हात जोडले. काही उपयोग झाला नाही. मला त्या पोराचं फार वाईट वाटत होतं. चार आठवडे ती पावलं माझ्या हातांत होती.

आणि तशातच हे देवाच्या पायांचं काम. दोन दिवसांत मी पावलं कोरणार कधी? मला युक्ती सुचली. फळीवरचे शेवंताच्या पोराचे शेल साचा म्हणून वापरायचे! चौथ्या आठवड्याचा शेल मूर्तीला मोठा झाला, कारण पोर वाढलं होतं. पहिल्या आठवड्याचा बरोबर बसला. मी खूश. आतला कापूस काढला, तेल लावलं, फाका दोरीने बांधल्या, पातळ प्लास्टर ओतलं आणि ओपीडीत निघून गेलो. दुसऱ्या दिवशी साचे उघडले, घासून घेतले, बोटं कोरली, पाय जोडले, रंगवले. दुपारी सिस्टरांना मोठ्या ऐटीत बोलावलं.

सिस्टरांनी वाकून पाय नीट पाहिले. मग म्हणाल्या, "श्रावण, हे काय केलंस?"

मी पुन्हा पाहिलं. देवाचे दोन्ही तळवे एकमेकांकडे पाहत होते. मी शेलचं माप बघितलं होतं, वळण बघितलंच नव्हतं. महिनाभर तेच पाय पाहून माझ्या डोळ्यांना पाय म्हणजे तसेच वाटायला लागले होते.

"उद्या लोक याच पायांना ओठ लावणार आहेत," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला होता.

"तोडून नवे करतो, पण या थंडीत उद्यापर्यंत वाळत नाई. कपड्यात गुंडाळून ठेवा, सिस्टर. नाई तं ठेवूच नका. आमच्यात खोट असलेली मूर्ती पूजेत नाई ठेवत. नदीत सोडून देतेत."

"आणि खोट असलेलं मूल?"



सिस्टर स्टुलावर बसल्या. राग ओसरला होता. म्हणाल्या, "आमचा विश्वास आहे की देव माणूस झाला. सोंग घेतलं नाही त्याने, खरोखरचा झाला. त्याला थंडी वाजली, भूक लागली, आईच्या दुधासाठी तो रडला. आता माणूसच व्हायचं, तर फक्त चांगल्या पायांच्या माणसांसाठीच झाला असेल का तो?" मग बाळाच्या अंगावरचं फडकं त्यांनी गुडघ्यापर्यंत सरकवलं. "उघडेच राहू देत."

खरं सांगतो, मला वाटलं, बाई वेळ मारून नेतायत.

नाताळच्या सकाळी सासू गाठोडं घेऊन हजर. सल्ल्याविरुद्ध पेशंट नेताना फॉर्मवर अंगठा घ्यावा लागे. आम्ही त्याला 'अगेन्स्ट अ‍ॅडव्हाइस' म्हणायचो. मी फॉर्म काढला. सिस्टर म्हणाल्या, "आजी, आधी देवाच्या पाया पडा. मग अंगठा."

देव कोणाचाही असो, पाया पडायला म्हातारी ना म्हणणारी नव्हती. तिने वाकून बाळाच्या पायांवर हात ठेवला. हात कपाळाकडे न्यायच्या आधीच थांबला. तिने बोटांनी पुन्हा चाचपलं. मग चष्म्याशिवायचे डोळे अगदी जवळ नेले.

"शेवंते, इकडे ये वं," ती म्हणाली. "हे तं आपल्याच पोट्ट्याचे पाय हायेत."

शेवंता आली. पोर कडेवर, पदराखाली. ती पाहतच राहिली.

म्हातारीने सिस्टरांकडे मान वर केली. "याच्या मायनं बी गिरानात भाजी चिरली होती का?"

"नाही, आजी," सिस्टर म्हणाल्या. "याच्या मायनं काहीच चूक केली नव्हती. आणि तुमच्या सुनेनंही नाही."

शेवंता हमसून हमसून रडली. रडता रडता तिने पदर बाजूला केला. प्लास्टरमधले पोराचे दोन्ही पाय तिने पहिल्यांदा चारचौघांत उघडे ठेवले. म्हातारीने थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं. मग गाठोडं सोडून त्यातलं लुगडं सुनेच्या खाटेवर ठेवलं.

"ऱ्हाय मंग इथंच. पाय सुधे झाले का निरोप धाडजो," तिने सुनेला सांगितलं. मला म्हणाली, "अन् तू रे भाऊ, कागद घेऊन काऊन उभा हायेस?"

तो फॉर्म मी फाडून टाकला. इतक्या आनंदाने सरकारी वा खासगी कुठलाच कागद मी पुढे कधी फाडला नाही.

प्लास्टरं उन्हाळा लागेपर्यंत चालली. मग रात्रीच्या पट्ट्या, मग खास बूट. पुढच्या नाताळला तिघं आली. पोट्टं व्हरांड्याचा कठडा धरून उभं होतं, दोन्ही तळवे फरशीला टेकवून. म्हातारीने माझ्यापुढे वांग्यांची टोपली ठेवली आणि गव्हाणीकडे बोट दाखवलं.

"आमच्या पोट्ट्याचे तं झाले सुधे. तुमच्या देवाचे कवा करता?"

मलाही तेच विचारायचं होतं. वर्षभर वेळ मिळाला होता, नवे पाय मी कधीच करून ठेवले होते, खिशात कागदात गुंडाळून आणलेही होते. मी सिस्टरांकडे पाहिलं.

"त्याचे राहू देत तसेच," सिस्टर म्हणाल्या. "अजून पेशंट यायचेत."

आणि ते येत राहिले. किती आयांनी त्या पायांवरून हात फिरवून फॉर्म परत केला, ते मी मोजलं नाही. मी आजही माझ्याच देवाला हात जोडतो, पण त्या बाळाचे उपकार विसरत नाही. सिस्टरांचेही नाही. नोकरीत माझं नाव झालं ते हाताच्या सफाईने. पण सगळ्यात मोठं काम मात्र माझ्या चुकीने केलं.

नव्या टेक्निशियनला मी एवढंच शिकवायचो: शेल उचलताना आधी वळण बघ, मग माप. ते सरळ पाय मी त्याला दाखवायचो. शेवटपर्यंत ते माझ्या ड्रॉवरमध्येच होते. कोणाला लागलेच नाहीत.