कंट्रोल म्हणून माझं रक्त

"परत आलाय! मॅडम, कॅन्सर परत आलाय!"

ही बोंब माझी. ठाण्यातल्या आमच्या लॅबमध्ये फ्लो सायटोमीटर नावाचं मशीन आहे. रक्तातल्या पेशी त्यात एकेक करून लेझरसमोरून जातात आणि स्क्रीनवर ठिपके उमटतात. पेशीवर एखादा मार्कर, म्हणजे ओळखखूण, जितका जास्त तितका ठिपका चमकदार. सीडी फिफ्टीसिक्स या मार्करचे ठिपके त्या दिवशी नुसते झगमगत होते. पेशंट डोंबिवलीची कॉलेजातली मुलगी. ब्लड कॅन्सर, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेला. तिच्या कॅन्सरच्या पेशींवरही हाच मार्कर असायचा. निरोगी माणसाशी तुलना करायला, म्हणजे कंट्रोल म्हणून, शेजारी मी माझंच रक्त लावलेलं. त्यात असली झगमग नाही. झालं, मी निकाल देऊन मोकळा.

कानिटकर मॅडम, आमच्या बॉस, धावत आल्या.

"बाकीचे मार्कर बघितलेस?"

"बघतोच आहे."

"म्हणजे आधी ओरडलास. ट्रान्सप्लांट कधीचा?"

"महिना झाला असेल."

"अरे प्रभू, मग या एनके पेशी असतील! नॅचरल किलर. नव्या मॅरोतून त्या लवकर येतात, आणि कोवळ्या असताना अशाच झगमगतात. तुझ्या पन्नास वर्षं मुरलेल्या. तू नॉर्मलचा नमुना कधीपासून झालास?"

मी बाकीचे मार्कर बघितले. एनकेच! कॅन्सरची एकही पेशी दिसेना. इतक्यात दारात मुलीचे वडील. रिपोर्टसाठी बाहेरच बसलेले. चेहरा पांढराफटक.

"साहेब, परत आलाय म्हणालात?"

मॅडम म्हणाल्या, "ओरडलास तू. आता सांग तूच."

"नाही हो, आलेला नाही. चुकलो मी. टेंभी नाक्याची हंडी बघितलीय ना? नवीन पथक कसं, आवाज मोठा आणि थर एखादाच. तिच्या या पेशी तशा आहेत. कोवळ्या असताना रसायनं सोडून बाकीच्या पेशींना हाका मारतात. मुरल्या की विषाणू शिरलेल्या पेशी स्वतःच मारतात."

ते मटकन खुर्चीत बसले. डोळे पुसले, मग म्हणाले, "मग थर कधी लावणार?"

काही महिन्यांनी तिचं पुढचं सॅम्पल आलं. मला बसवेना. ठिपक्यांचा घोळकाच्या घोळका मंद बाजूला सरकलेला! सीडी सिक्स्टीन, ही मुरलेल्या पेशींची खूण, ती चांगली वर चढलेली. पोरीच्या पेशी कामाला लागल्या होत्या.

लॅबमध्ये ओरडायला काहीच हरकत नाही. फक्त आधी सगळे मार्कर बघावेत आणि दार लावून घ्यावं. या वेळी मी दोन्ही केलं, आणि मग पोटभर ओरडलो.