डहाणूत एकही घर जुनं नव्हतं

हातात मोजायचा टेप असला की गाव तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि मग किस्से आपोआप जमत जातात. एकोणीसशे साठच्या आसपास आम्ही तिघं सरकारसाठी डहाणूच्या जुन्या बांधकामांचे नकाशे काढत होतो. कर्णिकसाहेब, टेप धरणारा बाबू आणि नकाशे आखणारा मी. पहिल्याच दिवशी बाजारात बातमी फिरली, की घर जुनं लिहिलं गेलं की ते सरकारजमा!

झालं. अख्ख्या डहाणूत एकही घर जुनं सापडेना.

*

एका शेठजींच्या घराला शिसवी खांब होते, वर कोरलेले मोर. शेठ शांतपणे म्हणाले, "आ तो हमणां ज बांध्युं छे, साहेब." म्हणजे, हे तर आत्ताच बांधलंय.

मोरांना हिरवा तेलरंग दिला होता. बाबू खांबाला टेकला आणि त्याचा सदरा हिरवा झाला.

*

वाणगावला उलटंच. जुन्या देवळाला सरकार कौलं देतं, असं तिथल्या पुजाऱ्याच्या कानावर आलेलं. देऊळ पांडवांनी बांधलं म्हणाला. साहेबांनी पायरीवरचं सिमेंट दाखवलं.

"पांडव गेल्यावर डागडुजी नको?"

*

साहेबही काही कमी संशयी नव्हते. आमचं प्रत्येक माप ते स्वतः पुन्हा घ्यायचे. एकदा विवळवेढ्याला बाबूने महालक्ष्मीची शपथ घेऊन आकडा सांगितला.

साहेब म्हणाले, "शपथ ठीक आहे. टेप धर."

*

शेवटी राहिला खाडीकाठचा जुना कोट. त्याला पाठ लावून जानकीमावशीचं घर होतं. मावशी सुकी मासळी विकायची. तीन भिंती कुडाच्या, चौथी कोटाची. कोट सरकारी, त्यामुळे ती भिंत नकाशात आली की मावशीचं घर उठणार, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

मावशी दारात बोंबील निवडत बसली होती. आमच्याकडे न बघताच म्हणाली, "तीन भिंती माझ्या हातच्या. चौथी सासूच्याही आधीपासून हाय. मी कुटं जाऊ?"

मला फार वाईट वाटलं. मी नकाशात कोटाची भिंत तिच्या घराच्या अलीकडेच संपवली आणि पुढे 'ढासळलेली' असं लिहिलं.

साहेबांनी नकाशा पाहिला. नेहमीप्रमाणे टेप उचलला आणि एकटेच कोटाकडे गेले. नोकरी गेली, असं धरूनच मी बसलो होतो. तासाभराने ते परत आले. अंगाला बोंबलांचा वास येत होता.

"माप चुकलंय तुझं," म्हणाले.

मग त्यांनी रबर घेतलं आणि भिंत आणखी चार फूट खोडली.

"तिची पडवी विसरलास."