नागपूरची नटी

बायांनो, आज दुपारी भाचीच्या साखरपुड्यात जेवताना समोरचे म्हातारबाबा म्हणाले, "बपेऱ्याच्या मंडईत नागपूरची नटी आली होती. तशी मंग दिसलीच नाही जी!"

माझा घास हातातच राहिला. ती मीच होते.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्री नाटक असतं. त्या वर्षी बपेऱ्याला आमच्या सिहोऱ्याच्या मंडळींचं नाटक होतं, आणि नागपूरहून ठरवलेली बाई आलीच नाही. माझे बाबा प्रॉम्प्टर, तालमी आमच्याच अंगणात, सगळं नाटक मला पाठ. बाबांनी मलाच उभं केलं आणि माइकवर सांगितलं, "ह्या नागपूरच्या कलाकार." गावची पोरगी म्हटलं असतं तर लग्न जुळलं नसतं. मग लग्न होईपर्यंत प्रत्येक नाटकात मी नागपूरचीच राहिले.

"कोन होती ते?" शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांनी विचारलं.

"मले काय मालूम?" मीच बोलून गेले.

परत आल्यापासून मी घरभर फिरून राहिले आहे. सांगू का ह्यांना, की चाळीस वर्षं तुम्ही तिच्याच हातचं जेवून राहिले?