रविवारी एकटीच ये

लेक शाळेत जायला लागली आणि मी पुन्हा नोकरी शोधायला लागले. मधल्या खंडामुळे कुणी दारात उभं करेना, म्हणून अंधेरीच्या एका कोडिंग क्लासला नाव घातलं. नुसते व्हिडिओ बघून मला काही जमत नाही, हे घरी करून पाहिलं होतं. इथे शिकवणाऱ्या बाई शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि चूक आपली आपल्याला सापडेपर्यंत गप्प राहायच्या. त्यांच्यासाठी मी कांदिवलीहून यायचे.

कोर्स अर्ध्यावर आला आणि ग्रुपवर मेसेज पडला, उद्यापासून आपला कोर्स अपग्रेड होत आहे. अपग्रेड म्हणजे काय, तर बाईंना नारळ आणि त्यांच्या जागी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. शेवटी जो प्रोजेक्ट करायचा होता, जो दाखवून मी नोकरी मागणार होते, तोही गाळलेला. खाली जोडलेल्या हातांचं चित्र. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अशा वेळी सगळ्यांनी मिळून जाब विचारायचा असतो. आम्ही ग्रुपवर होकाराचे अंगठे टाकले आणि जो तो ओळख काढायला निघाला. क्लासचे मालक मालवणकडचे, माझं माहेरही तिथलंच. मी गुपचूप त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि गावाचं नाव सांगितलं.

"अगो, मग आधी नाय सांगायचा?" सर म्हणाले. "रविवारी एकटीच ये. मी स्वता शिकवीन, प्रोजेक्टपण करून घेईन. तुका म्हणान सांगतंय, कोणाक बोलू नको."

रविवारी मी खुशीत जिना चढले, तर वर अख्खी बॅच उभी. दाराला कुलूप. चोरी पकडल्यासारखे एकेकाचे चेहरे. मुलुंडच्या मुलाला सर म्हणाले होते, तू माझ्याच कॉलेजचा. बोरिवलीची मुलगी म्हणे त्यांच्या बायकोच्या नात्यात लागत होती.

"मला तर बोलले, तू धाकट्या भावासारखा आहेस यार," तिसरा म्हणाला. कुणालाच हसू आलं नाही. सरांचा फोन बंद होता.

सरांचा संताप आला होताच, पण आमच्या या सवयीचा जास्त आला होता. रेशनपासून शाळेच्या प्रवेशापर्यंत आपल्याला हक्काने काही मागता येत नाही, ओळखीने मागायचं असतं. आणि ओळखीने मागितलं की माणूस एकटा पडतो. सरांना तेच हवं होतं.

तिथेच पायरीवर बसून आम्ही एक अर्ज लिहिला. माहितीपत्रकात छापलेलं सगळं द्या, बाई आणि प्रोजेक्टसकट, नाहीतर ज्याला सोडायचंय त्याची फी परत करा. तेही नसेल तर आम्ही ग्राहक मंचात जाऊ. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, जाहिरातीचे, मेसेजचे स्क्रीनशॉट सोबत जोडले. आणि यापुढे केबिनमध्ये कुणी एकटं जायचं नाही, असं ठरलं.

सोमवारी सगळे एकदम आत शिरलो. सरांनी अर्ज वाचला. "बाकीच्यांनी जरा बाहेर थांबा," म्हणत माझ्याकडे बघितलं. कुणी हललं नाही. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी बाईंना आमच्या बॅचपुरतं परत बोलवायचं आणि प्रोजेक्ट ठेवायचा, असं त्यांनी अर्जाखाली लिहून दिलं.

निघताना ते हळूच मला म्हणाले, "तू तरी आपल्या गावची. तू असा करूक नको होता."

"म्हणून तर पहिली सही माझी आहे, सर," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.