बगळ्याच्या पायाएवढं पाणी

भंडाऱ्यात बगळे पाहायला कुठं लांब जावं लागत नाही. मासळी बाजारात मासे कापणाऱ्या बाईच्या मागे दोन पांढरे बगळे रोजच्या गिऱ्हाइकासारखे ताटकळत असतात. दवाखान्यामागच्या नाल्यात एखादा तरी असतोच. तलावात पूर्वी मुलांना फिरवायला आणलेली पायडलची बोट आहे, ती केव्हाची बुडून तिरपी पडली आहे, आणि तिच्या टोकावर एक राखी बगळा मान खांद्यात घालून बसलेला असतो. कचेरीजवळच्या चिंचेवर रातबगळे राहतात. त्यांच्या विष्ठेनं खाली लावलेल्या गाड्यांचं जे होतं ते पाहून लोक झाड तोडा म्हणतात, आणि दुपारी त्याच चिंचेच्या सावलीत गाडी लावतात.

हे सगळं मला माझ्या सासऱ्यांनी दाखवलं. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, तेव्हा मीही मामाजीच म्हणते. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी अजूनही सकाळी स्कुटी काढते आणि एक चक्कर मारून येते, पण मागची सीट रिकामी असली की गाडी फार हलकी लागते, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

मी काही पक्षीमित्र वगैरे नाही. मी ब्लाउज शिवते. लग्नसराईत माझ्या मशीनवर कापडाचा ढीग असतो आणि बायका दारात येऊन उभ्या राहतात. ‘आमचा ब्लाउज राहिला आणि ही सासऱ्याला घेऊन बगळे पाहत फिरते,’ असं एकीनं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलंही होतं. मी तिचा ब्लाउज मुद्दाम सगळ्यात शेवटी दिला.

मामाजी शहरात आले ते स्वतःच्या मर्जीनं आले नाहीत. आमचं गाव कारध्याहून खाली, वैनगंगेच्या काठाला. पुढे धरण झालं आणि त्याचं पाणी मागे सरकत सरकत आमच्या वावरात येऊन बसलं. गाव उचलून वर माळावर नेलं, एकसारख्या प्लॉटांत मांडलं. सासूबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या. नव्या वसाहतीत एकटा म्हातारा माणूस काय करणार, म्हणून माझे मिस्टर त्यांना घेऊन आले. मिस्टरांची नोकरी फिरतीची, मुलगा नागपूरला शिकायला. म्हणजे घरात राहिलो आम्ही दोघंच, आणि माझी मशीन.

पहिलं वर्ष फार त्रासाचं गेलं. ज्या माणसानं सारी उमर धानाला पाणी पाजलं, त्याला हाताशी पाणी आणि माती दोन्ही नसली की तो काय करील याचा नेम नसतो. माझ्या कुंड्यांतली तुळस त्यांनी पाणी घालघालून कुजवली. अंगणातल्या नळाखाली मातीचा छोटा धुरा, म्हणजे बांध, घालून पाणी अडवलं. ते शेजाऱ्यांच्या पायरीशी तुंबलं आणि मला जाऊन बोलणी खावी लागली. मी चिडायचे. माझा स्वभाव तसाही गोड नाही.

एक दिवस ते घरात दिसेनात. शोधत गेले तर दवाखान्यामागच्या नाल्याच्या कठड्याला धरून उभे. नाल्याला असा वास की नाकाला पदर लावावा लागला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी नुसता हात वर केला. मी पाहिलं. चिखल होता, प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, बाकी काही नव्हतं. मग त्या चिखलातलाच एक तुकडा उडाला आणि उडताउडता पांढराशुभ्र झाला. ती ढोकरी होती, आखूड पायाचा लहान बगळा. बसलेली असते तोवर मातीच्या रंगाची, पंख उघडले की पांढरी. जन्म विदर्भात गेला माझा, धानाच्या पट्ट्यात, आणि ही गोष्ट मी कधी धड पाहिली नव्हती. मामाजी हसले. आमच्या घरी आल्यापासून त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होते.

त्या दिवसापासून आम्ही सकाळी जायला लागलो. माझी एवढीच अट होती की मशीनवर बसायच्या वेळेला परत यायचं. ते मागे बसायचे, एक हात माझ्या खांद्यावर नाही, तर सीटच्या मागच्या दांड्याला. सुनेच्या खांद्याला हात कसा लावायचा. बगळा आधी कोणाला दिसतो याची आमच्यात पैज असायची. गायीमागं फिरणारे बगळे धरायचे नाहीत, हा त्यांचा नियम. ते म्हणजे गायीचे नोकर, त्यांना पाहण्यात काय मोठेपणा. मोठा राखी बगळा मला दिसायचा, तो दिसतोच. ढोकरी मात्र मला एकदाही आधी दिसली नाही. मुलानं मोबाईलमधून नावं शोधून दिली, जांभळा बगळा, राखी बगळा. मामाजींनी ती ऐकून घेतली आणि सोडून दिली. त्यांच्या लेखी बगळे दोनच होते, लांब पायाचा आणि आखूड पायाचा.

याला कारण होतं. रोवणा झाला, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावून झाली, की बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी बेताचं ठेवावं लागतं. कमी झालं तर रोप वाळतं, जास्त झालं तर कुजतं. आमच्या बांध्या गावापासून उतारावर. एवढ्या पावसाचं दर वेळी उतरून जाऊन कोण पाहणार. मामाजी घराच्या ओट्यावरूनच पाहायचे. बांधीत बगळा उतरला की त्याच्या पायाकडे पाहायचं. लांब पायाच्याचा गुडघा बुडला असेल तर पाणी जास्त झालं, जाऊन धुरा थोडा फोडायचा. ढोकरीची नुसती बोटं बुडत असतील तर पाणी कमी आहे, वरच्या बोडीतून सोडायचं. बोडी म्हणजे लहान तळं. सुरुवातीला गावानं त्यांची टिंगल केली. पुढे टिंगल करणारेच ओट्यावर येऊन बसायला लागले आणि आमच्या बांधीचं पाहा, म्हणायला लागले. मिस्टर सांगतात, बाबांचा अंदाज कधी चुकला नाही.

महिन्यातून एकदा आम्ही नदीकडं जायचो. कारध्याच्या पुलावर थांबायचं, खाली जलकुंभीचा हिरवा थर, त्यावर उभे असलेले बगळे पाहायचे, आणि मग काठाकाठानं आमच्या जुन्या गावाच्या जागेपर्यंत. तिथं गावाचा सिमेंटचा रस्ता सरळ पाण्यात उतरतो. आत खूप लांब एक वाळलेलं मोहाचं झाड उभं आहे, साल गेलेलं, पांढरं. ते आमच्या खालच्या बांधीच्या धुऱ्यावरचं झाड. सासऱ्यांच्या वडलांनी स्वतःच्या हातानं काढलेली ती बांधी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काही लोकांची वरची वावरं उघडी पडतात, तेवढ्यात ते काहीतरी पिकवून घेतात. आमची खालची कधीच उघडी पडली नाही. मामाजी रस्त्याच्या टोकाशी उभे राहून मोहाकडे पाहत राहायचे. एकदा मी विचारलं की मामाजी, दर वेळी तेच पाणी, काय पाहता. तेव्हा त्यांनी सांगितलं.

“ज्या दिवशी त्या मोहाजवळ बगळा उभा दिसन, त्या दिवशी माही बांधी वर आली समज. मले एक डाव तिच्यात उभं राहाचं आहे, सूनबाई. बाकी मले काही नाही पाहिजे.”

मी म्हटलं, दिसेल. दुसरं काय म्हणणार होते मी. पण त्या दिवसापासून मीसुद्धा पैज विसरून त्या मोहाकडंच पाहायला लागले. मला देवाकडं काही मागायची सवय नाही, तरी एवढं मागितलं.

मागच्या उन्हाळ्यात पाणी बरंच उतरलं. दूधवाल्यानं सांगितलं, मिस्टरांच्या चुलतभावानं फोनवर सांगितलं. या वर्षी बरीच वावरं उघडी पडली म्हणे. मामाजींनी दोन दिवस धड जेवण घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मशीनवर झाकण घातलं आणि म्हटलं, चला.

ऊन चढायला सुरुवात झाली होती. रस्त्याच्या टोकाशी गाडी लावली, आणि स्टँड लावता लावता मला तो दिसला. मोहाच्या झाडाजवळ, हिरव्यागार पट्ट्यात, राखी बगळा. आजवर मी आधी पाहिलेला एकच बगळा मोलाचा होता, आणि तो हाच. मी मामाजींचा हात धरला. ते आधीपासूनच तिकडे पाहत होते.

“पाय पाह्य त्याचे,” ते म्हणाले. “सारे दिसून राहिले. बोटभर पाणी आहे.”

खरंच दिसत होते. नखापासून मांडीपर्यंत. भोवतीची हिरवळ अगदी पऱ्ह्यांसारखी, रोवणीला तयार झालेल्या धानाच्या रोपांसारखी. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, पण माझे दोन्ही डोळे चांगले आहेत आणि मीही तेच पाहिलं. कारध्याच्या पुलाखाली जलकुंभीवर उभे बगळे आम्ही किती वेळा पाहिले होते. पण तिथं ते जलकुंभीवरचे बगळे होते, आणि हा आमच्या बांधीतला बगळा होता. माणसाला हवं ते समोर आलं की तो दुसरं काही आठवत नाही.

मामाजींनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं. मी साडी खोचली. त्यांना एकटं जाऊ देणं शक्य नव्हतं आणि अडवणं त्याहून शक्य नव्हतं. पाण्याखालचा सिमेंटचा रस्ता पायाला लागत होता, गुळगुळीत, गरम. घोट्याएवढं पाणी, मग पोटरीएवढं. मामाजी पुढं, मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून मागं. ते वळणही न पाहता रस्ता सोडून डावीकडे उतरले. माझ्या लग्नाच्या वर्षी मी याच वाटेनं त्यांची भाकरी घेऊन गेले होते, तेव्हा मला ती वाट शोधावी लागली होती. आता पायाखाली गाळ आला, पाणी माझ्या कमरेला लागलं, त्यांच्या छातीला. त्यांचा पाय घसरला, मी जोरात ओढलं, ते पुन्हा उभे राहिले. थांब म्हणाले. पायानं तळ चाचपत राहिले.

“हे वावर आहे, सूनबाई. पायाले लागून राहिलं.”

मी रडायला लागले. आनंदानं की भीतीनं ते मला तेव्हा कळलं नाही, आत्ताही सांगता येणार नाही. आम्ही तसेच उभे राहिलो, पाणी छातीशी, आणि पुढं त्या मोहाजवळ तो बगळा निवांत उभा.

तेवढ्यात मागून एक डोंगा आला. गावातलाच मासे धरणारा माणूस होता, आम्हाला पाहून घाईनं वल्हवत आला. त्याच्या डोंग्याची लाट आमच्या अंगावरून पुढं गेली, पसरत पसरत मोहापर्यंत पोचली. आणि बगळा वर झाला. मग खाली झाला. त्याच्याभोवतीची सगळी हिरवळ त्याच्यासकट वर झाली आणि खाली झाली. तो उडालाही नाही. पाळण्यात बसल्यासारखा डुलत राहिला.

मामाजी त्याच्याकडे पाहत होते. त्यांच्या पाठीकडून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि दिसला नाही हे बरं झालं. माझ्या मुठीतल्या सदऱ्याचा ताण मात्र सैल झाला, एवढं मला जाणवलं.

त्या माणसानं आधी मला वर घेतलं, मग आम्ही दोघांनी मिळून मामाजींना. तो रागावला होता, म्हाताऱ्याला घेऊन पाण्यात कायले उतरलात म्हणून मला बोलला. मामाजींनी त्याला विनवलं की एवढा मोहापर्यंत ने. तो नको म्हणत होता, मग त्यांच्याकडे पाहून त्यानं डोंगा तिकडं वळवला. आम्ही जवळ गेलो तसा बगळा उडून गेला. पाण्यावर जलकुंभीचा मोठा पुंजका झाडाच्या बुंध्याला अडकलेला होता, जांभळी फुलं आलेली. मामाजींनी बांबू घाल म्हटलं. त्यानं बांबू उभा पाण्यात सोडला. बांबू खाली गेला, आणखी खाली गेला, त्याचं मनगट पाण्यात बुडालं.

“इथं नाही टेकत, बाबा.”

“मंग मी मघा कुठी उभा होतो?”

त्या माणसानं बांबू वर ओढून घेतला. मग म्हणाला की तो वरचा भाग, रस्त्याला लागून दुसऱ्याची बांधी होती ती. मामाजींनी मान हलवली. त्यांना ते माहीत असणारच, कोणाचा धुरा कुठं संपतो हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. बांबूवरून पाणी निथळत होतं. त्यांनी हात पुढं करून मोहाच्या बुंध्याला लावला, जसा जनावराच्या पाठीला लावतात, आणि काढून घेतला.

काठावर आलो. मी साडीचा पदर पिळला, त्यांच्या पायात चपला दिल्या. गाडी सुरू केली. ते मागे बसले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला आणि थंड होता.

“चाल, सूनबाई,” ते म्हणाले. “घरी जाऊ.”

आमच्याकडे राहायला आल्यापासून ते नेहमी भंडाऱ्याला जाऊ म्हणत, किंवा तुमच्याकडं जाऊ म्हणत. आमच्या घराला त्यांनी घर म्हणावं म्हणून मी किती खपले होते. त्या दिवशी ते म्हणाले, आणि मला वाटलं, नको, मामाजी, असं म्हणू नका.